गेम सुरू केला की पीसी बंद पडतो: दोष शोधायचा कसा?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेले दोन महिने एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येतेय. "दादा, पीसी एरवी मस्त चालतो. युट्यूब चालतं, वर्ड चालतं. गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत फट्‌कन बंद." कुणाचा गेममध्ये बंद पडतो, कुणाचा व्हिडिओ रेंडर करताना. आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मूळचा पारोळ्याचा. हार्डवेअर दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही. पण दोष शोधायची पद्धत दोन्हीकडे सारखीच असते. आधी लक्षण नीट लिहून घ्यायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते बघायचं. अंदाजाने पार्ट बदलत बसलं तर पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. आपल्याकडे तर एक पार्ट बदलायचा म्हणजे धुळे नाहीतर जळगावची एक चक्कर. म्हणून आज ओळीने बघू, खर्च शून्यापासून सुरू करून.

०१:४० | "बंद पडतो" म्हणजे नेमकं काय होतं?

पहिला प्रश्न हाच. चार वेगळ्या गोष्टींना आपण "बंद पडतो" म्हणतो.

एक. निळा स्क्रीन येतो आणि मग रीस्टार्ट. इथे विंडोजला मरण्याआधी बोलायला वेळ मिळाला. हा बहुतेक वेळा ड्रायव्हर, रॅम किंवा ओव्हरक्लॉकिंगचा मामला असतो. रॅमला एक्सएमपी प्रोफाइल लावलं असेल तर बायोसमध्ये ते काढून बघा, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. आजचा विषय हा नाही.

दोन. स्क्रीन काळा होतो, पण पंखे फिरत राहतात, कधी ग्राफिक्स कार्डाचे पंखे एकदम जोरात घोंगावतात. म्हणजे पीसीत वीज आहे, कार्डाने दम तोडलाय. संशय कार्डावर, त्याच्या ड्रायव्हरवर किंवा त्याच्या पॉवर केबलवर.

तीन. सगळं एका क्षणात बंद, पंखे, लाईट, सगळं. नंतर बटण दाबलं की लगेच चालू होतो.

चार. सगळं बंद, आणि बटण दाबूनही चालू होत नाही. मागचा एसएमपीएसचा स्विच बंद करून, अर्धा मिनिट थांबून परत लावला की मगच चालू होतो. ही खूण महत्त्वाची. अशा वेळी बहुधा एसएमपीएसने स्वतःला कुलूप लावून घेतलेलं असतं.

आता यातला फुकटचा आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: बंद पडला त्या क्षणी मॉनिटरच्या लाईटचं काय झालं? मॉनिटर "नो सिग्नल" दाखवत असेल, तर मॉनिटरपर्यंत वीज नीट येत होती, दोष बहुधा कॅबिनेटच्या आत आहे. पण मॉनिटरची लाईटसुद्धा त्याच वेळी गेली किंवा लुकलुकली, तर आत शोधण्यात अर्थ नाही. दोष बाहेर आहे, म्हणजे यूपीएस, बोर्ड, सॉकेट नाहीतर लाईन. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धा तपास होतो. दुकानदाराला हे दिसूच शकत नाही, कारण त्याच्याकडे तुमचा यूपीएस नसतो, तुमचा मॉनिटर नसतो आणि तुमच्या गल्लीचं व्होल्टेजही नसतं.

०४:३० | विंडोजची डायरी

स्टार्टमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" टाइप करा. विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. तिथे लाल खुणेची "कर्नल-पॉवर, ४१" अशी नोंद सापडेल. बरेच जण ती बघून घाबरतात आणि गुगलवर "४१ चा इलाज" शोधतात. ४१ म्हणजे आजार नाही. पीसी पुन्हा सुरू झाल्यावर विंडोज लिहून ठेवतं की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, एवढंच. त्या नोंदीच्या तपशिलात "बगचेक कोड" असतो. तो ० असेल तर निळा स्क्रीन आल्याची नोंदच नाही, बहुतेक वेळा वीजच तुटलेली असते. तिथेच आसपास "व्हिया-लॉगर" नावाच्या नोंदी दिसल्या, तर प्रोसेसर, रॅम किंवा कार्डाने हार्डवेअरची चूक कळवली आहे. मग तपासाची दिशा बदलते.

०५:५० | गरमीवर आळ घ्यायच्या आधी

आपल्या खान्देशात पहिला संशय उन्हाळ्यावर जातो आणि तो चुकीचा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो. पुण्यात एसीत खोली २४ अंशांवर, तुमची खोली ४२ वर, फरक १८ अंशांचा. पंख्याचं कूलिंग खोलीच्याच हवेने होतं, त्यामुळे खोली जेवढी तापते जवळपास तेवढंच आतलं तापमान वर सरकतं. युट्यूबवरच्या रिव्ह्यूत ७५ दाखवणारा प्रोसेसर तुमच्याकडे ९३ दाखवू शकतो. दोष नसताना.

पण एक लक्षात ठेवा. आजचा प्रोसेसर तापला की लगेच बंद पडत नाही. आधी तो वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच चिपची सीमा १०० अंश, एएमडी रायझनची साधारण ९० ते ९५. तिथे पोचला की गेम अडखळतो, फ्रेम घसरतात. एवढं करूनही ताप वाढतच राहिला, उदाहरणार्थ कूलर प्रोसेसरवरून सैल झालाय किंवा पंखाच बंद आहे, तर शेवटचा उपाय म्हणून तो वीज तोडतो. म्हणजे गरमीने बंद पडणारा पीसी आधी थोडा वेळ रडतो. काहीच न अडखळता फट्‌कन बंद पडत असेल तर गरमीवरचा संशय कमी करा.

अंदाज नको असेल तर मोजा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, सेन्सर विंडो उघडा आणि लॉगिंग सुरू करून गेम खेळा. पीसी बंद पडला तरी त्या क्षणापर्यंतचे आकडे फाइलमध्ये राहतात. शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर किती, कार्ड किती, कार्डाचा हॉटस्पॉट किती. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७८ आणि कार्ड ७४ असेल, तर गरमी निर्दोष सुटली.

आकडे खरंच वर असतील तर आधी साफसफाई. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांतली बारीक रुई हीटसिंकच्या पात्यांत अशी बसते की हवा आरपार जातच नाही. पीसी बंद, प्लग काढलेला, ब्लोअर जरा लांबून मारायचा आणि पंखा बोटाने धरून ठेवायचा. मोकळा सोडला तर तो भरमसाट फिरून बेअरिंग खराब होतं. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांची असेल तर बदला. आणि कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. खोली थंड होते तेवढं पुरे, ओलसर हवा सरळ बोर्डावर नको.

०९:१० | ओझं वेगवेगळं टाकून बघा

गरमी सुटली, तर आता वीज. गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम ओढतात, म्हणून आधी त्यांना वेगळं करायचं. सिनेबेंच चालवा, त्यात फक्त प्रोसेसर राबतो. पंधरा-वीस मिनिटं टिकला? मग फरमार्क, त्यात फक्त कार्ड. तेही टिकलं? मग दोन्ही एकदम. एकेकटे टिकतात आणि एकत्र पडतात, तर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही बहुधा ठीक आहेत, त्यांना वीज पुरवणारा कमी पडतोय.

उलटी चाचणी आणखी सोपी. एमएसआय आफ्टरबर्नर घ्या, पॉवर लिमिट १०० वरून ७० वर आणा आणि फ्रेम ६० वर बांधा. मग तोच गेम, तोच वेळ. आता बंद पडत नसेल तर वीज हाच धागा धरायचा.

फ्रेम बांधणं ही फालतू गोष्ट नाही बरं का. जुलै २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या "न्यू वर्ल्ड" गेमच्या बीटामध्ये काही लोकांची आरटीएक्स ३०९० कार्डं मेली. गेमच्या मेन्यूत फ्रेमना मर्यादा नव्हती, साध्या मेन्यूवर कार्ड जिवाच्या आकांताने पळत होतं. मूळ दोष कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये होता असं ईव्हीजीएने नंतर सांगितलं आणि कार्डं बदलून दिली. ॲमेझॉननेही मेन्यूला मर्यादा घातली. सांगायचा मुद्दा, ओझ्याखाली कच्चा दुवा तुटतो. चांगला दुवा तुटत नाही, पण कच्चा कुठला आहे हे ओझ्याशिवाय कळत नाही.

११:३० | एसएमपीएस: बंद पडणं हेच त्याचं काम

एसएमपीएस प्रवाह जास्त झाला, व्होल्टेज घसरलं, स्वतः तापला, तर मुद्दाम बंद पडतो, तुमचं कार्ड वाचावं म्हणून. त्यामुळे चौथ्या प्रकारची खूण दिसली, तर एसएमपीएस खराब आहे किंवा लहान पडतोय किंवा त्याच्या पुढे कुठे तरी शॉर्ट आहे.

लहान पडतो म्हणजे काय? आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचं, ३०८० हे ३२० वॅटचं. पण हे सरासरी आकडे. मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात कार्ड याच्या कितीतरी वर उसळी मारतं. ती उसळी तुमच्या मीटरवर दिसत नाही, एसएमपीएसला मात्र दिसते. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० नियमात, नवा कार्ड कनेक्टर असलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट उसळी सोसली पाहिजे असं आलं. जुना किंवा बिननावाचा "४५० वॅट" लिहिलेला डबा इथेच फसतो. डब्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ वाचा, खरी ताकद तिथे कळते.

केबल बघा. आठ पिनांची एक जोडणी १५० वॅटसाठी असते. मोठ्या कार्डाला दोन जोडण्या लागत असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलचे दोन फाटे नकोत. हार्डडिस्कच्या वायरवरून कार्डाला वीज देणारे जुगाडी कनेक्टर काढून टाका. प्लग पिवळसर किंवा वितळलेला दिसला तर तिथेच थांबा. मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्या केबल नव्याला लावू नका. बाहेरून सारख्या दिसतात, आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि बोर्ड जळू शकतो.

१२ व्होल्टच्या ओळीला ५ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. सॉफ्टवेअरमधला आकडा अंदाजे असतो. त्यात ओझं आल्यावर मोठी घसरण दिसली तर संशय घ्या, पण निकाल देऊ नका. निकाल एकाच गोष्टीने लागतो: मित्राकडून चांगला एसएमपीएस दोन तासांसाठी आणा आणि तोच गेम चालवा.

एसएमपीएस मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतं. हात घालायची ती जागाच नाही.

१४:५० | पारोळ्याची केस

आता एक खरी केस, कारण यात जे सापडलं ते बऱ्याच जणांचं असणार.

माझा आतेभाऊ पारोळ्यात असतो. पीसीवर गेम खेळतो हे खरं, पण त्याच पीसीवर लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लग्नसराई हीच त्याची कमाई. प्रोसेसर रायझन ५ ५६००, कार्ड आरटीएक्स ३०६०, एसएमपीएस चांगल्या कंपनीचा ५५० वॅट. मे महिन्यात संध्याकाळी गेम किंवा रेंडर लावला की पीसी बंद. सकाळी तोच रेंडर पूर्ण व्हायचा. एका गिऱ्हाइकाला द्यायचा व्हिडिओ तीनदा अर्ध्यात तुटला. दुकानात नेला, तिथे दोन तास चालला, तरी सांगितलं की मदरबोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही बदला, १४ हजार. त्याच्या एका लग्नाच्या कामाचे पैसे तेवढे.

फोनवर त्याला दोन गोष्टी विचारल्या. मॉनिटरचं काय होतं? म्हणाला, "दादा, लाईट लुकलुकते आणि परत येते." काही आवाज? "यूपीएस टक्‌ करतो, मग पीसी जातो." दुकानात चालतो, सकाळी चालतो, संध्याकाळी घरी पडतो. त्यात मॉनिटर लुकलुकतो. संशय बाहेर गेला.

आता हिशेब बघा. यूपीएस ६०० व्हीए. बरेच जण याला ६०० वॅट समजतात. त्याच्या मागे लिहिलेलं होतं ३६० वॅट. कार्ड १७०, प्रोसेसर पूर्ण ओझ्याखाली ७६, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे धरून ५०. झाले २९६. एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम धरला तर भिंतीतून ओढणार सुमारे ३४८. वर मॉनिटरचे २५. एकूण ३७३. यूपीएसची मर्यादा ३६०, आणि बॅटरी तीन वर्षं जुनी.

मग सकाळी कसा चालतो? हा यूपीएस लाईन नीट असताना तीच वीज पुढे पाठवतो, जोर लाईनचा असतो. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर सुरू. त्यात कुणी पाण्याची मोटार लावली की व्होल्टेज क्षणभर आणखी खाली. सॉकेटमध्ये लावायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो त्याने लावला. नेहमीच्या २३० च्या जागी संध्याकाळी १८० च्या आसपास, आणि मोटार सुरू झाली की त्याच्याही खाली. त्या क्षणी यूपीएस टक्‌ करून बॅटरीवर जातो. आता सगळं ओझं जुन्या बॅटरीवर. तिला ते झेपत नाही, आउटपुट कोसळतं. एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक फेरीसुद्धा २० मिलिसेकंदांची असते. तेवढ्यात वीज सावरली नाही, पीसी बंद. पीसी बंद झाला की ओझं उतरतं, लाईनही सावरते आणि यूपीएस पुन्हा शहाण्यासारखा हिरवा दिवा दाखवतो. म्हणून त्याच्यावर कुणाचा संशयच जात नव्हता.

पटलं तरी सिद्ध करायला हवं. सगळ्या फाइल सेव्ह करून, सकाळी लाईन चांगली असताना, त्याने भिंतीवरचा स्विच बंद केला. पीसी रिकामा असताना: यूपीएसवर आरामात चालू. मग फरमार्क आणि सिनेबेंच एकदम लावून तोच स्विच बंद केला: टक्‌, काळोख. तीनदा केलं, तीनदा तसंच. ही चाचणी तुम्हीही करू शकता, फक्त स्विच बंद करा, प्लग ओढू नका. प्लग ओढला तर अर्थिंगही सुटतं.

मदरबोर्ड ठीक, एसएमपीएस ठीक. १४ हजार वाचले. त्या आठवड्यात त्याने कार्डाची पॉवर लिमिट ७० वर आणून राहिलेले व्हिडिओ पूर्ण केले, वेळ थोडा जास्त लागला एवढंच. पुढे ११०० व्हीए, ६६० वॅटचा यूपीएस घेतला आणि कूलरचा बोर्ड वेगळा केला.

२०:१० | घरची वायरिंग

यूपीएस नसेल तरी हा भाग ऐका. सैल सॉकेट, गरम लागणारा प्लग, एकात एक लावलेले एक्स्टेन्शन बोर्ड, हे सगळे ओझ्याखालीच तोंड वर काढतात. पीसी, कूलर आणि इस्त्री एका बोर्डावर नको.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? मग घरात अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या आतले फिल्टर कपॅसिटर थोडी वीज कॅबिनेटवर सोडतात, ती अर्थिंगमधून जायला हवी. रस्ता नसला की ती तुमच्यातून जाते. प्लगची तिसरी पिन तोडणं हा उपाय नाही. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि व्होल्टेज रोजच संध्याकाळी खाली जात असेल, तर तो दोष तुमच्या घराचा नाही. वेळ आणि आकडे लिहून ठेवा, फोटो काढा आणि शेजाऱ्यांसह महावितरणकडे लेखी तक्रार द्या. "लाईट डिम असते" याला उत्तर मिळत नाही, तारीख-वेळेसह आकडे दिले की डीपीवरचा भार तपासायला सांगता येतं.

२२:०० | थोडक्यात

स्क्रीनशॉट काढून ठेवायचा असेल तर हा क्रम. चारपैकी कुठला प्रकार ते ओळखा. मॉनिटरची लाईट बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बगचेक कोड बघा. एचडब्ल्यूइन्फोचा लॉग वाचा. प्रोसेसर आणि कार्ड वेगळे तपासा, मग एकत्र. पॉवर लिमिट कमी करून बघा. यूपीएसचे वॅट वाचा, व्हीए नाही. मग उसना एसएमपीएस. एवढं झाल्यावर मदरबोर्डाचं नाव घ्या.

दुकानात जाल तेव्हा हेच लिहून न्या, आणि "कशावरून?" एवढा प्रश्न विचारा. चांगला कारागीर नाराज होणार नाही, उलट त्याचं काम सोपं होईल. पार्ट वॉरंटीत असेल तर बिल शोधा आणि आधी कंपनीकडे जा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

तुमचा पीसी बंद पडतोय? मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा: मॉनिटरची लाईट, बगचेक कोड, यूपीएसचे वॅट. नुसतं "दादा बंद पडतो" लिहिलं तर मी आधी हेच तीन विचारणार. पुढच्या भागात जुना लॅपटॉप एडिटिंगसाठी घ्यावा का, ते बोलू. चला, राम राम!